जबाब, झडती आणि फसवणुकीचा तपास: नव्या पोलीस अंमलदारांचे नेहमीचे प्रश्न

पोलीस प्रशिक्षण केंद्रात मी बरीच वर्षं कायदा आणि तपास शिकवला. निवृत्त झाले तरी ठाण्यात नव्यानं हजर झालेल्या मुलामुलींचे फोन अजून येतात. सुरुवात ठरलेली असते, "मॅडम, एक विचारू का? इथं कुणाला विचारायची लाज वाटते." त्यांतले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं उतरवले आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, म्हणून कलमं त्यांतलीच दिली आहेत. जुन्या हवालदारांच्या तोंडी अजून ४२०, १६१ आणि ६५ ब असतं. ४२० (फसवणूक) म्हणजे आता न्याय संहितेचं ३१८(४), १६१ (साक्षीदाराचा जबाब) म्हणजे सुरक्षा संहितेचं १८० आणि ६५ ब (इलेक्ट्रॉनिक पुरावा) म्हणजे साक्ष्य अधिनियमाचं ६३. पुढं नुसतं 'कलम' म्हटलंय तिथं सुरक्षा संहितेचं समजा. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मॅडम, केंद्रात तर सगळा वेळ मैदानावर जातो. बोलायला-लिहायला कधी शिकवतात?

खंडाळा असो, जालना, अकोला, नागपूर की तुरची, पहाटेची पीटी आणि परेड चुकत नाही. ती हवीच. पण आउटडोअरबरोबर इनडोअरचेही तास असतात, आणि त्यांत पोरं डुलक्या घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दिवसभर मैदान मारून आलेल्या पोराला कलम वाचून दाखवलं तर तो झोपणारच. म्हणून मी वर्गात ठाणं मांडायचे. एक जण ठाणे अंमलदार, एक फिर्यादी, एक फिर्यादीचा तावातावानं बोलणारा मेहुणा. फिर्यादी झालेल्याला मी बाहेर नेऊन कानात सांगायचे, "तारीख विसर. मधेच रड. एक गोष्ट मुद्दाम लपव." पहिले चार दिवस सगळे हसायचे. पाचव्या दिवशी हसणं थांबायचं, कारण खोटा फिर्यादीसुद्धा सरळ बोलत नाही हे कळायला लागायचं.

तुमच्या केंद्रात असा सराव होत नसेल तर रात्री बराकीत चौघांनी मिळून करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

ठाण्यात माणूस आला. पहिलं काय बोलायचं?

"बसा." मग पाणी. मग "काय झालं, तुमच्या पद्धतीनं सांगा."

आणि मग गप्प बसायचं. दोन-तीन मिनिटं मधे बोलायचं नाही. हे फार अवघड जातं, कारण समोर वायरलेस बोलत असतो, दारात आणखी तीन माणसं उभी असतात आणि साहेबांचा फोन आलेला असतो. तरीही. माणूस पहिल्यांदा सांगतो तेव्हा त्याच्या डोक्यात जो क्रम असतो तो पुन्हा मिळत नाही. "कुठं? किती वाजता? किती जण होते?" अशी सरबत्ती सुरू केलीत की तो तुमच्या प्रश्नांना उत्तरं देत राहतो आणि त्याला जे सांगायचं होतं ते राहून जातं. प्रश्न नंतर विचारा, आणि तेही उघडे विचारा. "तो काळ्या गाडीवरून आला का?" याऐवजी "तो कसा आला?" काळी गाडी तुम्ही त्याच्या डोक्यात घातलीत तर ती जबाबात येते आणि खटल्यात तुमच्याच अंगावर येते.

संबोधनाचंही सांगते. काका, मावशी, दादा, ताई म्हटल्यानं वर्दीचा मान कमी होत नाही. मात्र वयानं मोठ्या माणसाला अरे-तुरे केलंत तर तो जे सांगायला आला होता त्यातलं अर्धं घरी घेऊन जातो.

गुन्हा आपल्या हद्दीत घडलेला नाही. परत पाठवायचं का?

नाही. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही ठाण्यात द्यायचा हक्क आहे. शून्य क्रमांकानं नोंदवा आणि संबंधित ठाण्याकडे पाठवा. प्रत फिर्यादीला मोफत. खबर ऑनलाइन आली असेल तर ती देणाऱ्याची सही तीन दिवसांत घ्यायची असते. दखलपात्र गुन्ह्याची नोंद टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगून ठेवलं आहे.

फिर्याद फिर्यादीच्या शब्दांत लिहायची की कायद्याच्या?

फिर्यादीच्या. यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

एक बाई सांगत होत्या, "त्यानं पिशवी धरली, मी सोडली नाही, मग त्यानं मला पिशवीसकट गोल फिरवलं आणि मी विजेच्या खांबावर आदळले." प्रशिक्षणार्थीनं लिहिलं, "सदर अनोळखी इसमाने फिर्यादीशी झटापट करून जबरीने पिशवी हिसकावली." वाक्य व्याकरणात बरोबर आहे, ठाण्याच्या भाषेतही बरोबर आहे. पण त्यातून खांब गेला. खांबाजवळ जायचं कारण गेलं. बाईंच्या उजव्या खांद्याची जखम कशी झाली ते गेलं. पुढं डॉक्टरांच्या दाखल्यात 'कठीण व बोथट वस्तूने' आलं, आणि ती वस्तू कुठली याचं उत्तर फिर्यादीत कुठंच नव्हतं.

'सदर', 'इसम', 'संगनमत करून', 'हेतुपुरस्सर' हे शब्द मदतीला येतात खरे, पण ते सगळ्या फिर्यादी एकसारख्या करून टाकतात. बचाव पक्षाचे वकील मग दोन साक्षीदारांचे जबाब शेजारी शेजारी धरतात आणि विचारतात, "दोघं एकाच शब्दांत कसे बोलले?" याला तुमच्याकडे उत्तर नसतं. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीत कुणी बोलत असेल तर महत्त्वाचा शब्द तसाच ठेवा. धमकी दिली असेल तर धमकीचे शब्द जसेच्या तसे, शिवीसकट. लिहायला संकोच वाटतो, पण न्यायालयाला ते शब्दच हवे असतात.

लिहून झालं की वाचून दाखवा. "असंच म्हणालात ना?" असं विचारा आणि दुरुस्ती सांगितली तर कंटाळा न करता करा.

जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची का?

फिर्यादीवर घ्यायची. तपासात नोंदवलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर घ्यायची नाही. कलम १८१ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, तरी दर वर्षी चुकतात.

साक्षीदार आजी आहेत. त्यांना ठाण्यात बोलावू का?

तुम्ही त्यांच्या घरी जा. कलम १७९ प्रमाणे स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलं, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसांना राहत्या जागेशिवाय इतरत्र बोलावता येत नाही. त्यांची स्वतःची इच्छा असेल तर त्या येऊ शकतात. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचा.

समोरचा आरडाओरडा करतोय, शिव्या देतोय. तेव्हा काय करायचं?

त्याचा आवाज जितका वर, तितका तुमचा खाली. थोडं तिरकं उभं राहा, हात दिसतील असे ठेवा, दार त्याच्या पाठीशी मोकळं राहू द्या. एकानंच बोलायचं. दोन अंमलदार दोन बाजूंनी बोलायला लागले की माणूस भांबावतो आणि हात उचलतो. त्याचं नाव विचारा आणि नावानं हाक मारा. शेजारच्या गर्दीला दुसऱ्या अंमलदारानं मागं घ्यायचं, कारण पुष्कळदा तो तुमच्यावर चिडलेलाच नसतो, बघ्यांपुढं त्याला माघार घेता येत नसते.

आरोपीवर आवाज चढवला नाही तर तो बोलेल कसा?

आवाज चढवून बोलेल, आणि ते काहीच कामाचं नसेल. पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ वाचा. त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू नव्यानं सापडली तर सांगितल्यापैकी तेवढ्या शोधापुरता भाग ग्राह्य धरतात. म्हणून मेमोरंडम पंचनाम्याला, म्हणजे आरोपीचं सांगणं पंचांपुढं लिहून घेतलेल्या कागदाला, इतकं महत्त्व आहे. त्यानं पंचांपुढं "कोयता विहिरीजवळच्या कडब्याच्या गंजीत ठेवला आहे, दाखवतो" म्हटलं, तर ते त्याच शब्दांत लिहा आणि मग त्याच्या मागून चाला. तुम्ही पुढं चालायचं नाही. हे अक्षरशः घ्या. पंचांना न्यायालयात विचारतात, "पुढं कोण चालत होतं?"

शांतपणे विचारलेल्या प्रश्नांतून माणूस पुष्कळ बोलतो. "त्या दिवशी सकाळपासून सांग" म्हणा आणि ऐका. खोटं असेल तर ते तपशिलात अडकतं. पण तपशील मिळायला तुम्ही त्याला बोलू दिलेलं असावं लागतं.

अंगझडती घेताना नेमकं काय पाहायचं?

आधी स्वतःची सुरक्षितता. दोघं असा: एक झडती घेणारा, दुसरा नजर ठेवणारा. "खिशात सुई, ब्लेड, टोकदार काही आहे का?" हे आधी विचारा आणि मगच हात घाला. वरून खाली, एका बाजूनं सुरू करून दुसऱ्या बाजूला. टोपी, कॉलर, बाह्यांची मुडप, कंबरेचा पट्टा, करदोटा, मोजे, चपलेचा तळ. करदोटा नवी मुलं विसरतात. अटक केलेल्याकडून जे घ्याल त्याची यादी करून त्याला पावती द्यायची, कलम ४९. पाकिटातले पैसे त्याच्यासमोर मोजा आणि नोटा किती रुपयांच्या किती तेही लिहा.

गांजा, एमडी वगैरे अमली पदार्थांचा संशय असेल तर थांबा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती द्यायचा त्याचा हक्क त्याला आधी सांगावा लागतो. तो न सांगितल्यानं भलेभले खटले पडले आहेत.

स्त्रीची झडती?

फक्त स्त्रीनंच घ्यायची, आडोशाला, सभ्यता पूर्ण राखून. महिला अंमलदार नसेल तर येईपर्यंत थांबा.

घरझडतीला वॉरंट लागतंच का?

नेहमी नाही. वॉरंट आणायला जावं तोवर वस्तू जागेवरून जाईल असं वाटायला कारण असेल तर कलम १८५ प्रमाणे ठाणे प्रभारी किंवा तपासी अधिकारी झडती घेऊ शकतात. मात्र ते कारण, आणि कोणती वस्तू शोधायची आहे ते, आधी केस डायरीत लिहायचं. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. अधिकारी स्वतः जाऊ शकत नसतील आणि तुम्हाला पाठवत असतील तर लेखी आदेश मागा. मागायला घाबरू नका. तो तुमच्या बचावाचा कागद आहे.

प्रत्यक्ष झडती कशी घ्यायची? पुस्तकात चारच ओळी आहेत.

एक खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बारा. एका कोपऱ्यात मोरी, एका कोपऱ्यात ओटा, वर माळा, भिंतीत देव्हारा, कॉटखाली पत्र्याची पेटी. घरात एक म्हातारी, सून आणि शाळेचा गणवेश घातलेलं पोर.

उंबऱ्यावर थांबून आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगा. वॉरंट असेल तर वाचून दाखवा. मग तुमची आणि पंचांची अंगझडती घरमालकाला देऊ करा, आणि त्यानं घेतली किंवा नको म्हटलं ते पंचनाम्यात लिहा. पोलिसांनीच आणून ठेवलं, हा आरोप तिथंच अर्धा संपतो. मुलाला सुनेबरोबर एका बाजूला बसवा, आणि शक्य असेल तर शेजारी सोडा. बापाची पेटी उपसताना लेकरानं बघू नये, असं मला मनापासून वाटतं.

घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहायचा हक्क आहे. त्याला हाकलून लावू नका.

दारापासून सुरुवात करा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जा. एका वेळी एकानंच शोधायचं, बाकीच्यांनी बघायचं. चौघं चार कोपऱ्यांत घुसले तर कुणाला काय सापडलं ते कुणीच सांगू शकत नाही. गव्हाचा डबा पालथा घालायचा असेल तर आधी खाली चादर अंथरा. पुन्हा भरून द्या. देव्हाऱ्याला हात लावायच्या आधी म्हणा, "आजी, देव तुम्हीच खाली घ्या." कुराण असेल, बाबासाहेबांची तसबीर असेल, तिथंही तेच. पायातले बूट कुठंपर्यंत न्यायचे तेही बघा.

वस्तू सापडली की लगेच उचलू नका. पंचांना बोलवा, जागेवरच दाखवा, फोटो घ्या, मग हातमोजे घालून उचला. वर्णन असं लिहा की वस्तू न पाहिलेल्या माणसाला ती ओळखता यावी. "एक मोबाइल" हे वर्णन नव्हे. कंपनी, रंग, आयएमईआय क्रमांक, काचेला डाव्या बाजूला तडा, मागं मुलीचा स्टिकर. सोन्यासारखं काही असेल तर 'पिवळ्या धातूचे' लिहा, सोनं आहे की नाही ते सराफ सांगेल. मग तपकिरी कागद, दोरा, लाख, ठाण्याचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल. सीलचा नमुना पंचनाम्यावरही उमटवा. यादीची प्रत घरमालकाला द्या.

जाताना उपसलेलं सामान शक्य तितकं जागेवर ठेवा. अनेक घरांत सगळ्या गल्लीनं बघितलेलं असतं आणि त्या म्हातारीला उद्याही तिथंच राहायचं असतं.

पंच मिळत नाहीत. काय करू?

खरी अडचण आहे. लोकांना कोर्टाच्या खेपा नको असतात. त्यावरची वाईट वाट म्हणजे ठाण्याचे ठरलेले पंच: समोरचा पानवाला, झेरॉक्सवाला. एकाच माणसाची सही वीस पंचनाम्यांवर असली की बचावाचे वकील ती यादीच घेऊन उभे राहतात.

कलम १०३ म्हणतं, दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित स्थानिक माणसं. तिथं कुणी तयार नसेल तर दुसऱ्या भागातली चालतात, पण कुणाला विचारलं आणि कोण नाही म्हणालं ते लिहून ठेवा. लेखी बोलावूनही सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा आहे, पण धमकावून आणलेला पंच न्यायालयात उलटतो. मी म्हणायचे, "दादा, तुम्ही आमच्या बाजूनं बोलायचं नाही. डोळ्यांनी दिसेल तेवढंच सांगायचं." असं म्हटल्यावर पुष्कळ जण येतात. सरकारी कर्मचारी पंच घ्यायची पद्धतही आहे, आणि गंभीर गुन्ह्यांत ती बरी पडते.

चित्रीकरण सक्तीचं आहे का? माझ्या स्वतःच्या फोनवर केलं तर चालेल?

कलम १०५ मुळे झडती आणि जप्तीची सगळी प्रक्रिया, यादी करणं आणि साक्षीदारांच्या सह्या धरून, ध्वनिचित्रमुद्रित करायची आहे. कायद्यानं मोबाइलला प्राधान्य दिलं आहे. चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. ई-साक्ष्य अ‍ॅप यासाठीच आहे. त्यात वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदलं जातं. अ‍ॅप वापरा. नुसतं गॅलरीत ठेवलेलं आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना पाठवलेलं चित्रीकरण पुरावा म्हणून सांभाळणं फार कठीण जातं.

सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि हजर माणसांची नावं मोठ्यानं बोला. मधे बंद पडलं तर का बंद पडलं ते पुन्हा सुरू करताना बोला आणि पंचनाम्यातही लिहा.

काहीच सापडलं नाही तर पंचनामा करायचा?

हो. 'काही मिळून आले नाही' असा. तो तुमच्या प्रामाणिकपणाचा कागद आहे.

मोबाइल जप्त केला. उघडून बघू का?

नाही. चालू असेल तर विमान मोडवर टाका आणि बंद असेल तर बंदच राहू द्या. चॅट चाळत बसलात की फोनमध्ये तुमच्या बोटांच्या नोंदी पडतात. सील करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवा. डेटाची प्रत घेतली असेल तर तिची हॅश व्हॅल्यू साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात लिहावी लागते. हॅश म्हणजे त्या डेटाच्या बोटांचा ठसा समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. दुसरा भाग राहिला म्हणून पुरावा अडकू देऊ नका.

उसने पैसे बुडवले तर ती फसवणूक होते का?

दर आठवड्याला एकदा तरी हा प्रश्न येतो. फसवणुकीत सुरुवातीपासून मनात लबाडी असावी लागते. पैसे घेतानाच परत द्यायचे नव्हते, आणि घेण्यासाठी काहीतरी खोटं सांगितलं. आधी चांगल्या मनानं घेतले आणि मग धंदा बुडाला, तर तो दिवाणी मामला. विश्वासानं हाती दिलेली वस्तू किंवा पैसा मग हडपला तर तो न्यासभंग, म्हणजे विश्वासघात, न्याय संहितेचं कलम ३१६. एकाच पैशाच्या बाबतीत फसवणूक आणि न्यासभंग दोन्ही एकदम बसत नाहीत. दिल्ली रेस क्लब प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच गोंधळाबद्दल नाराजी दाखवली आणि हा फरक समजण्यासाठी देशभरच्या पोलिसांना कायद्याचं नीट प्रशिक्षण द्यायची वेळ आली आहे असं म्हटलं. तो निकाल वाचताना मला माझा वर्ग आठवला.

म्हणून फिर्याद घेताना एक प्रश्न विसरू नका: "पैसे देण्याआधी त्यानं तुम्हाला काय सांगितलं होतं?" मग त्या सांगण्यातलं काय खोटं निघालं ते शोधा. जागा त्याच्या नावावर होती का? कंपनी खरंच नोंदलेली होती का? नोकरी लावतो म्हणाला त्या खात्यात त्या वर्षी भरती तरी होती का? सातबारा, निबंधक कार्यालयातले दस्त, जाहिरातीची तारीख हे कागद या प्रश्नांची उत्तरं देतात.

ऑनलाइन फसवणूक झालेला माणूस समोर बसला आहे. पहिल्या तासात काय?

१९३०, सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक. आधी फोन, मग बाकीचं. किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिथून चार खात्यांत आणि मग एटीएममधून बाहेर असा पळतो. वाटेत जिथं असेल तिथं थांबवता येतो, बाहेर पडला की नाही. त्यासाठी लागतं ते एवढंच: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा बारा अंकी असतो. तो त्याच्या फोनमधल्या संदेशातून तुम्ही शोधून द्या, त्याचे हात थरथरत असतात.

एका ठाण्यात निवृत्त कारकून आले होते. बासष्ट वर्षांचे, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. टेबलावरच्या अंमलदारानं विचारलं, "तुम्ही ओटीपी दिलाच कसा?" त्यांनी सांगायला सुरुवात केली, तर शेजारच्यानं तेच विचारलं, मग तिसऱ्यानं. गृहस्थ उठले, "येतो नंतर" म्हणाले आणि गेले. दोन दिवसांनी मुलगी घेऊन आली तेव्हा खात्यांची साखळी रिकामी झाली होती. त्या तिघांपैकी कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण त्या एका प्रश्नामुळे ते पैसे गेले, असं मी आजही मानते. 'कसं दिलंत' विचारायचं असेल तर "त्यानं तुम्हाला काय सांगितलं म्हणून दिलात?" असं विचारा. उत्तरात गुन्ह्याची पद्धत मिळते आणि माणूस खुर्चीत बसून राहतो.

मग सांगा: चॅट, कॉलची यादी, लिंक, काहीही पुसू नका. अ‍ॅप काढून टाकू नका.

'डिजिटल अरेस्ट' झालेली माणसं खरं बोलतच नाहीत. का?

अजून घाबरलेली असतात. व्हिडिओवर वर्दीतला माणूस पाहून ते फसले, आणि आता तुम्हीही वर्दीत समोर आहात. आधी स्पष्ट सांगा: अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही, कुठलंही पोलीस खातं व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही किंवा पैसे मागत नाही. जमलं तर साध्या कपड्यात बोला. शरमेपोटी रक्कम कमी सांगतात, म्हणून सगळे खातेउतारे स्वतः बघा.

पैशाचा माग कसा काढायचा?

कलम ९४ ची नोटीस बँकेला: खातं उघडण्याचा फॉर्म, केवायसी, उतारा, लॉगिनच्या नोंदी, जोडलेला मोबाइल. बँकेकडून येणारे उतारे बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, १८९१ प्रमाणे प्रमाणित करून घ्या. आणि एटीएमचं सीसीटीव्ही चित्रीकरण त्याच दिवशी मागा, कारण ते ठरावीक काळानं आपोआप पुसलं जातं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेवर हल्ला होऊन ९४ कोटींवर रक्कम गेली, तेव्हा बनावट कार्डांनी देशात-परदेशात एटीएममधून पैसे काढले गेले होते. इथल्या पैसे काढणाऱ्यांपर्यंत पोहोचायला एटीएमच्या चित्रीकरणाचा मोठा उपयोग झाला.

मोठ्या कागदावर बाण काढा. खातं, रक्कम, वेळ, पुढचं खातं. संगणक आहे, तरी कागदावर काढा. साखळीतलं पहिलं खातं बहुतेकदा भाड्याचं असतं. कुणी कॉलेजचा मुलगा, कुणी रोजंदारीवाला, ज्यानं थोड्या पैशांसाठी पासबुक, कार्ड आणि सिम दिलेलं असतं. त्याला मुख्य आरोपी समजून तिथंच थांबू नका. त्याचं खातं कुणी मागितलं, कुठल्या हॉटेलात भेटले, सिम कुणी नेलं, हे त्याला माहीत असतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही, कलम ३५(३) ची हजर राहायची नोटीस आहे, हेही लक्षात असू द्या.

खातं गोठवताना काय जपायचं?

बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे, हे महाराष्ट्राच्याच तापस नियोगी प्रकरणात १९९९ मध्ये ठरलं. आजचं कलम १०६. जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांना लगेच द्या. आणि ज्या भाजीवाल्याच्या खात्यात त्या साखळीतले पाचशे रुपये आले, त्याचं सगळं खातं गोठवू नका, वादातली रक्कम तेवढी थांबवा. अडकलेली रक्कम फिर्यादीला परत मिळण्यासाठी कलम ५०३ प्रमाणे न्यायालयात अर्ज करता येतो, हे फिर्यादीला तुम्ही सांगा. दुसरं कुणी सांगत नाही.

हा तपास मी शिपाई असून करू शकतो का?

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा वरचा अधिकारीच करतो, कलम ७८. पण पहिला तास तुमचा असतो, बँकेची पत्रं तुम्ही नेता, मुद्देमाल तुम्ही सील करता.

भिशी आणि दामदुपटीच्या योजना?

गुंतवणूकदार बरेच असतील तर १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा बघा. त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटता येते. मोठी प्रकरणं आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात. तुम्ही पहिल्याच दिवशी ठेवीदारांचा तक्ता करा: नाव, रक्कम, तारीख, पावती, कुणाच्या हातात दिले. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तिथं पुन्हा पुन्हा येणारी नावं म्हणजे एजंट.

न्यायालयात साक्ष द्यायची वेळ आली. काय विचारतील?

वेळ विचारतील. माझ्या एका पंचनाम्यात झडती संपल्याची वेळ ४.१५ होती. ठाणे दैनंदिनीत आमचं पथक ठाण्यातून निघाल्याची नोंद ४.३० ची. पंचनामा खरा होता, वस्तू खरी होती. परत आल्यावर घाईत मागाहून केलेली नोंद चुकली होती. वकिलांनी दोन्ही कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "मॅडम, वाचा." मी वाचलं. आरोपी सुटला. ज्या बाईंचे दागिने होते त्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या, आणि त्यांना काय झालं ते मीच जाऊन सांगितलं.

तेव्हापासून मी निघताना मनगटावरचं घड्याळ ठाण्याच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवायचे आणि निघाल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांसमोर करवून घ्यायचे. वर्गातही प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी उभं करून घड्याळं जुळवायला लावायचे. तुमचं आत्ता किती मिनिटं पुढं आहे, बघा.